डी ला साल हायस्कूल, काँकर्ड

डी ला साल हायस्कूल : अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या काँकर्ड शहरातील मुलांची खासगी कॅथलिक माध्यमिक शाळा. स्थापना १९६५. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेला, डियाब्लो पर्वताच्या परिसरात असलेल्या या शाळेत नववी ते बारावीचे सुमारे एक हजार विद्यार्थी शिकतात. १९९२ ते २००४ या काळात शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाने सलग १५१ सामने जिंकले आणि एरवी जिल्ह्याबाहेर जिचे नाव फारसे कुणी घेतले नसते अशी ही शाळा देशभर ठाऊक झाली. साहजिकच या नोंदीतही खेळालाच जास्त जागा द्यावी लागते. पण तो खेळ ज्या शिकवणुकीतून आला ती समजून घेतल्याशिवाय १५१ हा आकडा नुसता आकडाच राहतो.

शाळेचे नाव फ्रेंच धर्मगुरू संत झाँ-बाप्तिस्त द ला साल (१६५१–१७१९) यांच्यावरून ठेवलेले आहे; अमेरिकेत त्याचा उच्चार ‘डी ला साल’ असा रूढ झाला. रँस शहरातल्या सुखवस्तू घराण्यात जन्मलेल्या या धर्मगुरूने १६८०च्या सुमारास गरीब शाळामास्तरांना चक्क आपल्या घरी राहायला आणले. घरच्यांना ते मुळीच रुचले नाही. त्या मास्तरांमधूनच ‘ख्रिस्ती शाळांच्या बंधूं’चा संघ उभा राहिला. कारागिरांच्या आणि मोलमजुरी करणाऱ्यांच्या मुलांना फी न घेता शिकवायचे, एकेकट्या मुलाला बोलावून पाठ घेण्याऐवजी सगळ्या वर्गाला एकत्र शिकवायचे आणि वाचनाची सुरुवात लॅटिनऐवजी मुलाच्या स्वतःच्या भाषेत, म्हणजे फ्रेंचमध्ये करायची, ही त्या शाळांची वैशिष्ट्ये होती. मातृभाषेतून शिक्षणाचा वाद पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलेल्या मराठी वाचकाला यातला शेवटचा मुद्दा विशेष जवळचा वाटेल. या संघाचे बंधू धर्मगुरू नसतात. ते व्रतस्थ राहतात आणि शिकवतात. शिकवणे हेच त्यांचे धर्मकार्य. द ला साल यांना १९००मध्ये संतपद मिळाले आणि १९५०मध्ये पोपने त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. भारतात ‘ख्रिश्चन ब्रदर्स’ म्हटले की बहुतेकांना आठवतो तो एडमंड राइस यांनी आयर्लंडमध्ये स्थापलेला संघ; तो वेगळा. नावसाधर्म्यामुळे दोहोंची गल्लत नेहमी होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर उपसागराच्या पूर्वेकडच्या फळबागांच्या जागी घरांच्या वसाहती उठल्या आणि काँकर्ड झपाट्याने वाढले. कॅथलिक कुटुंबांच्या मुलांसाठी १९६५मध्ये बंधूंनी ही शाळा काढली. त्याच वर्षी रस्त्यापलीकडे सेंट जोसेफच्या भगिनींनी मुलींसाठी कॅरॉन्डलेट हायस्कूल सुरू केले. या दोन शाळांचा शेजार आजही घट्ट आहे आणि वरच्या इयत्तांचे काही वर्ग एकत्र भरतात. बंधूंच्या शाळांमध्ये प्रार्थनेची सुरुवात ‘आपण परमेश्वराच्या पवित्र सान्निध्यात आहोत हे आठवू या’ या वाक्याने होते. हे वाक्य वर्गात म्हटले जाते तसेच मैदानावरही, आणि इथे ते उपचारापुरते उरलेले नाही.

१९७९मध्ये बॉब लॅडुसूर फुटबॉलचे प्रशिक्षक म्हणून आले तेव्हा ते २५ वर्षांचे होते. त्याआधी त्यांनी बालगुन्हेगारांबरोबर काम केले होते. शाळेच्या संघाचा तोवर एकही हंगाम असा गेला नव्हता की ज्यात पराभवांपेक्षा विजय जास्त होते. लॅडुसूर शाळेत धर्मशिक्षणाचा विषय शिकवत. सकाळी ज्या मुलांशी वर्गात अपराध, क्षमा, जबाबदारी यांवर चर्चा व्हायची तीच मुले दुपारी मैदानावर त्यांच्यासमोर उभी असत. हा योगायोग फार महत्त्वाचा ठरला असे वाटते. अमेरिकेत शालेय फुटबॉलचा प्रशिक्षक म्हणजे बहुधा ओरडणारा माणूस. लॅडुसूर कमी बोलत, आणि बोलले की मुले बारकाईने ऐकत.

खेळ अपरिचित असलेल्यांसाठी थोडक्यात: अकरा-अकरा खेळाडू, लंबगोल चेंडू, १०० यार्डांचे मैदान. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू समोरच्यांकडे जातो. चेंडू समोरच्या टोकाच्या पट्ट्यात नेला की ‘टचडाऊन’, त्याचे सहा गुण. दोन्ही बाजूंच्या धिप्पाड गड्यांची एक रांग समोरासमोर वाकून उभी असते आणि इशारा होताच एकमेकांवर आदळते. सामन्याचे खरे भवितव्य तिथे ठरते.

डी ला सालची मुले अनेकदा समोरच्यांपेक्षा लहानखुरी असत. लॅडुसूर यांनी ‘व्हीअर’ ही जुनी, बऱ्याच जणांनी सोडून दिलेली चढाईची पद्धत निवडली. तिच्यात क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हाती घेऊन चाल खेळवणारा गडी, तो आपल्यामागच्या धावपटूच्या पोटाशी टेकवतो, पण सोडत नाही. त्या अर्ध्या क्षणात तो समोरच्या एका ठरलेल्या बचावपटूकडे पाहतो. या बचावपटूला मुद्दामच कुणी अडवलेले नसते. तो आत धावपटूकडे वळला, तर क्वार्टरबॅक चेंडू ओढून घेऊन बाहेरून पळतो. तो बाहेरच थांबला, तर चेंडू धावपटूच्या पोटाशी सोडून देतो. बाहेरून पळताना दुसरा कुणी आडवा आला, तर बाजूने धावणाऱ्या तिसऱ्या गड्याकडे चेंडू फेकतो. सगळी चाल डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपते. पण ती चालायची तर पुढच्या रांगेतल्या पाच-सहा मुलांनी इशाऱ्याबरोबर एकाच क्षणी उसळले पाहिजे. एकाचा पाय उशिरा पडला की सगळे फसते. डी ला सालचा सराव मुख्यतः या एकाच गोष्टीचा असे: वाका, उसळा, परत या, पुन्हा वाका. ही रांग उसळताना पाहिली की लहानखुरी मुले धिप्पाडांना कशी मागे रेटत याचा उलगडा होतो.

शाळेच्या साऱ्या प्रथांमध्ये सर्वांत बोलकी आहे ती ‘वचनाच्या कार्डा’ची. दर आठवड्याला प्रत्येक खेळाडू एका छोट्या कार्डावर व्यायाम, सराव आणि येता सामना यांतली आपली उद्दिष्टे लिहितो. ती मोघम चालत नाहीत. मोजता येतील अशीच लागतात. सामन्याच्या आदल्या दिवशी संघ एकत्र जमतो, तेव्हा तो आपल्या एका सोबत्यासमोर उभा राहून सगळ्यांच्या देखत ते कार्ड वाचतो आणि त्याच्या हाती देतो. पुढच्या आठवड्यात वचन पाळले की नाही हे तो सोबती विचारतो, प्रशिक्षक नाही. सतरा वर्षांच्या मुलाला सरांना फसवणे जमते. रोज शेजारी घाम गाळणाऱ्या मित्राला फसवणे जड जाते. सामन्याआधी हा संघ दोघा-दोघांच्या जोड्यांनी, हातात हात घालून, संथ चालत मैदानात येतो. कबड्डीतली बचावाची साखळी पाहत वाढलेल्या आपल्या डोळ्यांना त्यात काही वेगळे वाटणार नाही. अमेरिकन फुटबॉलच्या दांडगाईच्या जगात मात्र हात धरून चालणारी मुले पाहून लोक चकित झाले.

७ डिसेंबर १९९१ रोजी पिट्सबर्ग या शेजारच्या गावातल्या शाळेने डी ला सालला ३५–२७ असे हरवले. त्यानंतर १२ हंगाम हा संघ हरला नाही. सलग विजयांचा आधीचा राष्ट्रीय विक्रम मिशिगनमधल्या हडसन हायस्कूलचा, ७२ सामन्यांचा होता (१९६८–७५). तो १९९७मध्ये मोडला. तेव्हापासून पुढचा प्रत्येक सामना म्हणजे नवा विक्रम. ६ ऑक्टोबर २००१ रोजी लाँग बीच पॉलिटेक्निक या प्रचंड मोठ्या सरकारी शाळेशी तिच्याच गावात सामना झाला. राष्ट्रीय क्रमवारीतल्या पहिल्या दोन शाळा प्रथमच समोरासमोर आल्या होत्या. डी ला सालने २९–१५ असा विजय मिळवला आणि संघाचे चारही टचडाऊन मॉरिस ड्रू या बुटक्या, गोटीबंद मुलाने केले. पुढे मॉरिस जोन्स-ड्रू या नावाने तो व्यावसायिक खेळाडू झाला आणि २०११मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये सर्वाधिक यार्ड, १,६०६, धावला. अमानी टूमर, डी. जे. विल्यम्स, टी. जे. वॉर्ड हे व्यावसायिक खेळाडूही इथलेच.

१२ ऑगस्ट २००४ रोजी टेरन्स केली या अठरा वर्षांच्या माजी विद्यार्थ्याची रिचमंड शहरात गोळ्या घालून हत्या झाली. संघाचा तो लाडका गडी होता. ओरेगन विद्यापीठात जायला त्याला दोनच दिवस उरले होते. पुढे त्याच्या वडिलांनी रिचमंडमधल्या मुलांसाठी त्याच्या नावाने संस्था काढली. त्याच्याबरोबर खेळलेली मुले तीन आठवड्यांनी, ४ सप्टेंबरला, सिॲटलमध्ये बेलव्ह्यू हायस्कूलविरुद्ध उतरली आणि ३९–२० अशी हरली. विजयांची मालिका १५१वर थांबली. त्या हंगामात आणखीही पराभव झाले. मालिका तुटण्याची ही कहाणी सांगताना केलीच्या मृत्यूला नुसती पार्श्वभूमी करून टाकण्याची चूक पुष्कळदा होते. त्या शाळेपुरते बोलायचे तर २००४मध्ये गमावलेली मोठी गोष्ट तो मुलगा होता.

शाळेवरचा जुना आक्षेप असा, की सरकारी शाळेला आपल्या हद्दीतलीच मुले घ्यावी लागतात, खासगी शाळेला कुठूनही घेता येतात; मग ही बरोबरीची लढत कशी? खेळाडू गोळा केल्याचा आरोप शाळेने कायम नाकारला. ही मोकळीक १९७९पूर्वीही होती आणि तेव्हा संघ सतत हरतच होता, एवढे पाहिले तरी यशाचे मूळ तिच्यात नाही हे कळते. पण नाव झाल्यावर दूरदूरची चांगली मुले आपण होऊन येऊ लागली, हेही खरे. म्हणून आसपासच्या सरकारी शाळांची तक्रार उडवून लावण्याजोगी नाही.

फुटबॉलच्या झळाळीत शाळेचे बाकीचे खेळ झाकले जातात. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तीन मीटर फळीवरून जोडीने सूर मारण्याच्या प्रकारात कांस्यपदक मिळवणारा क्रिस्टियन इप्सेन हा याच शाळेचा विद्यार्थी.

लॅडुसूर जानेवारी २०१३मध्ये मुख्य प्रशिक्षकपदावरून निवृत्त झाले. ३४ हंगामांचा हिशेब ३९९ विजय, २५ पराभव, ३ बरोबरी असा होता. चारशेचा आकडा एका विजयावर असताना त्यांनी पद सोडले. त्यांची जागा त्यांचाच विद्यार्थी जस्टिन अलंबॉ याने घेतली. त्यानंतर राज्याच्या अंतिम सामन्यांत दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मॅटर डे आणि सेंट जॉन बॉस्को या कॅथलिक शाळांनी डी ला सालला वारंवार मागे टाकले. उत्तर कॅलिफोर्नियात मात्र १९९१पासून ३१८ सामन्यांत एकाही शाळेला तिला हरवता आले नव्हते. सप्टेंबर २०२१मध्ये माउंटन व्ह्यूच्या सेंट फ्रान्सिस हायस्कूलने ३१–२८ असा विजय मिळवून ती मालिकाही संपवली. तीही कॅथलिक बंधूंचीच शाळा. फक्त त्या बंधूंचा धर्मसंघ वेगळा, होली क्रॉसचा. १९९१मधल्या पिट्सबर्गविरुद्धच्या पराभवाच्या वेळी, सेंट फ्रान्सिसविरुद्ध मैदानात उतरलेल्या मुलांपैकी एकाचाही जन्म झालेला नव्हता.