कर्नलमधला 'र' आला कुठून?

इंग्रजीत फौजेतला 'कर्नल' आणि कवचाच्या आतला गर म्हणजे 'कर्नल' यांचा उच्चार एकच. अर्थाचं मात्र सोयरसुतक नाही. गरवाला कर्नल अस्सल जुन्या इंग्रजीतला. 'कॉर्न' म्हणजे धान्य आणि त्याचं लघुरूप म्हणजे छोटा दाणा. फौजेतला कर्नल इटलीचा. तिथे 'कोलोन्ना' म्हणजे सैन्याची तुकडी आणि तिचा प्रमुख 'कोलोनेल्लो'. पाठोपाठ येणारे दोन 'ल' फ्रेंचांच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी पहिल्याचा 'र' केला. सोळाव्या शतकात इंग्रजांनी हेच 'र'वालं रूप उचललं. पुढे मूळ इटालियन रूपाकडे पाहून स्पेलिंगमध्ये 'एल' परत बसवला गेला, पण तोवर तोंडाला 'र'ची सवय झाली होती. ती सुटलीच नाही.

विद्वानांची अशी लुडबुड इंग्रजीत जागोजागी दिसते. बेट या अर्थाचा 'आयलंड' हा जुना इंग्रजी शब्द. त्यात 'एस' कधीच नव्हता. 'आइल' हा बेटाचाच दुसरा शब्द लॅटिन 'इन्सुला'वरून फ्रेंचमार्गे आला. दोन्ही एकाच मुळाचे असावेत असं गृहीत धरून 'आयलंड'मध्येही 'एस' घुसडला गेला. चर्चमधल्या बाकांशेजारच्या वाटेला म्हणतात तो 'आइल' आणखी वेगळा. त्याचं मूळ लॅटिन 'आला', म्हणजे पंख. बेटाशी गल्लत झाल्यामुळे त्यालाही तोच मुका 'एस' चिकटला.

'मेल'ची गंमत मात्र मला सगळ्यांत आवडते, कारण तिथे स्पेलिंगही एकच आहे. टपालाचा मेल म्हणजे मुळात फ्रेंच भाषेतली थैली. चिलखताचा मेल लॅटिन 'माकुला'वरून आला. त्याचा एक अर्थ जाळीचं भोक. आणि 'ब्लॅकमेल'मधला मेल जुन्या नॉर्सवरून, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेवरून, स्कॉटलंडात आलेला, अर्थ खंडणी किंवा जमिनीचा खंड. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सरहद्दीवर सोळाव्या शतकात लुटारू टोळ्या 'आम्ही तुम्हाला लुटणार नाही' म्हणून शेतकऱ्यांकडून जे उकळायच्या, ते ब्लॅकमेल. पत्राशी त्याचा काडीचा संबंध नाही.

याच्या उलटही घडलं. पीठ आणि फूल हे दोन्ही 'फ्लावर' मुळात एकच शब्द. दळलेल्या धान्यातला सर्वांत बारीक, उत्तम भाग तो त्याचा 'फ्लावर'. सॅम्युएल जॉन्सनच्या 1755च्या कोशातसुद्धा त्यांची फारकत झालेली नाही. धातूचा 'मेटल' आणि जिगर या अर्थाचा 'मेटल' यांचीही तीच कथा.

बाकी बऱ्याच जोड्यांचा दोष काळाकडे जातो. इंग्लंडचा पहिला मुद्रक विल्यम कॅक्स्टन याने 1476 मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि स्पेलिंगं हळूहळू गोठू लागली. उच्चार मात्र तेव्हाच वेगाने बदलत होते. 'मीट' म्हणजे मांस आणि 'मीट' म्हणजे भेटणं यांचे स्वर त्या काळी वेगळे होते. 'नाइट'मधला, म्हणजे सरदारातला, 'के' लोक चक्क उच्चारायचे.

गनिमी युद्धाचा 'गरिला' आणि वानर 'गोरिला' यांची गाठ तर फार उशिरा पडली. पहिला शब्द स्पॅनिश. 'गेर्रा' म्हणजे युद्ध, त्याचं लघुरूप. नेपोलियनच्या फौजांशी स्पेनमध्ये 1808 पासून जी झुंज चालली, तिच्यातून तो इंग्रजीत आला. दुसरा सापडला उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज या प्राचीन नगरीच्या हॅनो या दर्यावर्दीच्या सफरवृत्तांताच्या ग्रीक रूपात. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर भेटलेल्या केसाळ 'माणसां'ना दुभाषे 'गोरिल्लाय' म्हणत, असं त्यात लिहिलंय. 1847 मध्ये टॉमस सॅव्हेज या अमेरिकन मिशनऱ्याने तेच नाव या वानराला दिलं. हॅनोला भेटले ते नेमके कोण होते, यावर अजून एकमत नाही.