आईवडिलांनी न सांगितलेलं : व्हिएतनामी-अमेरिकन पुस्तकांची पार्श्वभूमी

व्हिएतनामी घरात मूल आईशी बोलताना स्वतःला ‘मी’ म्हणत नाही. ते स्वतःला ‘कॉन’ म्हणतं, म्हणजे लेकरू. तेच मूल थोरल्या भावापुढे ‘एम’ होतं, म्हणजे धाकटं. समोर कोण आहे त्यावर आपण कोण ते ठरतं. अशा घरांतली मुलं अमेरिकेत वाढली आणि आईवडिलांविषयी इंग्रजीत लिहू लागली. इंग्रजीत मात्र आईपुढेही ‘आय’ आणि परक्यापुढेही ‘आय’च. ही पुस्तकं वाचताना ती ओढाताण मला पानोपानी जाणवते.

३० एप्रिल १९७५ रोजी दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव उत्तरेच्या कम्युनिस्ट सैन्याच्या हाती पडली. त्या वर्षी सव्वा लाखाच्या आसपास व्हिएतनामी माणसं अमेरिकेत पोचली. कॅलिफोर्नियातला कॅम्प पेंडलटन, अर्कान्सॉमधला फोर्ट चॅफी, पेनसिल्व्हेनियातला फोर्ट इंडियनटाउन गॅप अशा लष्करी तळांवर त्यांना ठेवलं गेलं. तिथून बाहेर पडायचं तर जबाबदारी घेणारं कुणीतरी अमेरिकन लागे. बहुधा एखादं चर्च किंवा कुटुंब. सरकारनेही त्यांना मुद्दाम देशभर विखरून टाकलं. पुढे ‘द सिम्पथायझर’ या कादंबरीसाठी २०१६ साली पुलित्झर पुरस्कार मिळवणारा व्हिएत थान न्गुयेन तेव्हा चार वर्षांचा होता. संपूर्ण कुटुंबाची हमी घेणारं कुणी मिळालं नाही म्हणून त्याला काही काळ आईवडिलांपासून वेगळं, दुसऱ्या घरी राहावं लागलं.

त्यानंतर बोटींतून पळणाऱ्यांची लाट आली. कित्येक समुद्रात बुडाले. वाचलेले मलेशियातल्या पुलाऊ बिदाँगसारख्या बेटावरच्या छावण्यांत वाट पाहत राहिले. हळूहळू विखुरलेली कुटुंबं कॅलिफोर्नियात गोळा होऊ लागली. वेस्टमिन्स्टरच्या बोल्सा अ‍ॅव्हेन्यूच्या परिसरात ‘लिटल सायगाव’ उभं राहिलं. तिथे १९७८ सालीच ‘न्गुई व्हिएत’ हे वृत्तपत्र सुरू झालं. म्हणजे मोठी माणसं गप्प नव्हती. ती आपापसांत, आपल्या भाषेत लिहीत-वाचत होती. मुलांच्या हाती मात्र ती भाषा अर्धीमुर्धीच आली.

व्हिएतनामीची लिपी रोमन आहे. कॅथलिक मिशनऱ्यांनी ती घडवली आणि अलेक्झांडर द ऱ्होड्सने १६५१ साली रोममध्ये छापलेल्या शब्दकोशातून ती पक्की झाली. हा जेझुइट संघाचा धर्मगुरू पूर्वेकडे आला तो गोव्यावरूनच. त्याच काळात तिथे फादर स्टीफन्सचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ही रोमन अक्षरांतच छापलं गेलं होतं. पण व्हिएतनामीत अक्षराच्या वर-खाली जी चिन्हं असतात त्यांवर अर्थ ठरतो. ‘मा’ या एका अक्षराचा सूर बदलला की भूत, आई, थडगं, भाताचं रोप असे वेगवेगळे अर्थ होतात. अमेरिकन कागदपत्रांत ही चिन्हं गळाली आणि माणसांची नावंही अर्थावाचून उरली.

अमेरिकेत ‘व्हिएतनाम’ या विषयावर पुस्तकांचा तुटवडा कधीच नव्हता. पण त्यांत मी म्हणून बोलणारा अमेरिकन सैनिक असे आणि व्हिएतनामी माणूस मागे, धुरात. म्हणूनच १९८२ सालचं हुइन क्वांग न्हुआँग यांचं ‘द लँड आय लॉस्ट’ मला मोलाचं वाटतं. गोळी लागून पांगळा झालेला हा लेखक उपचारांसाठी अमेरिकेत आला होता. त्याने लिहिलं ते आपल्या डोंगराळ गावाबद्दल आणि घरच्या लाडक्या रेड्याबद्दल. १९८९ साली ले ली हेस्लिप यांची आत्मकथा आली, एका अमेरिकन सहलेखकाच्या मदतीने. शेतकऱ्याच्या मुलीने युद्ध कसं सोसलं ते अमेरिकन वाचकाने तिच्याच तोंडून ऐकलं.

त्यानंतर लेकी लिहू लागल्या. लान काओ यांची ‘मंकी ब्रिज’ ही कादंबरी १९९७ची. मंकी ब्रिज म्हणजे मेकाँगच्या खोऱ्यातला बांबूचा अरुंद पूल; कोकणातला साकव डोळ्यांपुढे आणा. व्हर्जिनियात राहणारी मुलगी आईची दुभाषी होते, म्हणजे घरातली मोठी माणूस तीच. आईने दडवून ठेवलेलं तिला मग आईच्याच लिखाणातून उलगडत जातं.

थी बुई यांनी आईवडिलांच्या तोंडून इतिहास नोंदवायला घेतला तो विद्यार्थिदशेत. त्याचं ‘द बेस्ट वी कुड डू’ हे चित्रमय पुस्तक व्हायला २०१७ साल उजाडलं. पुस्तक सुरू होतं बाळंतपणाच्या खोलीत, आणि स्वतः आई झालेली लेक आपल्या आईकडे नव्याने पाहते. ओशन व्हुआँग यांच्या २०१९च्या कादंबरीत मुलगा आईला लांबलचक पत्र लिहितो, आणि त्या आईला वाचता येत नाही. ती नेलसलूनमध्ये राबते. या धंद्यात व्हिएतनामी बायका शिरल्या त्याची सुरुवातही १९७५चीच. अभिनेत्री टिपी हेड्रन यांनी सॅक्रमेंटोजवळच्या छावणीतल्या वीस जणींना नखं रंगवायचं शिक्षण मिळवून दिलं होतं.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळचं वाटतं ते २०२० सालचं ‘द मॅजिक फिश’. ट्रुंग ले न्गुयेन यांच्या या चित्रकथेत न सांगितलेली गोष्ट मुलाकडे आहे. आपल्याला मुलगे आवडतात हे आईला सांगायला त्याच्याजवळ व्हिएतनामी शब्दच नाही. मायलेक ग्रंथालयातून परीकथा आणतात, एकमेकांना वाचून दाखवतात, आणि आई एका कथेचा शेवट आपल्या मनाने बदलून त्याला सांगते.