जॅक्सन सनडाउन: जिंकला 1916 ला, पण गोष्ट 1863 पासूनची आहे

जॅक्सन सनडाउनबद्दल कुठे काही आलंच तर एवढंच येतं की अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात पेंडल्टन राउंड-अप नावाच्या रोडिओत, म्हणजे गुराख्यांच्या घोडेस्वारीच्या स्पर्धेत, 1916 साली 53 वर्षांच्या एका नेटिव्ह अमेरिकन माणसाने उधळणाऱ्या घोड्यावर बसून चॅम्पियनशिप मारली. खरंय ते. पण एवढंच सांगितलं की तो एका दिवसाचा चमत्कार वाटतो, आणि मला तेच पटत नाही.

हा माणूस नेझ पर्स जमातीचा, मूळ नाव वाया-तोना-तोसित्स-कान. जन्म 1863 चा, आणि नेमकं त्याच वर्षी अमेरिकन सरकारने त्यांच्यावर नवा करार लादला, कारण 1860 मध्ये तिथे सोनं सापडलेलं. राखीव जमिनीतली जवळपास 90 टक्के जमीन गेली. वालोवा खोऱ्यातल्या नेझ पर्स लोकांनी तो करार मानलाच नाही, तरी 1877 मध्ये त्यांना जागा खाली करायला सांगितलं आणि युद्ध पेटलं. बायकापोरं, म्हातारी माणसं, घोड्यांचे कळप, सगळं घेऊन हे लोक जवळपास 1,900 किलोमीटर लढत लढत गेले, आणि कॅनडाची हद्द 65 किलोमीटरवर राहिलेली असताना बेअर पॉ डोंगरापाशी सैन्याने त्यांना गाठलं. त्यांचा नेता चीफ जोसेफ, त्याने तिथे शस्त्रं ठेवली. 14 वर्षांचा सनडाउन मात्र हाती लागला नाही. घोड्याच्या एका अंगाला असा चिकटला की गोळ्या झाडणाऱ्यांना पाठीवर कोणी दिसूच नये, असं सांगतात, आणि तसाच निसटून कॅनडात सू जमातीचा नेता सिटिंग बुल, त्याच्या लोकांकडे पोचला. पुढे लोक त्याची बैठक बघून चकित व्हायचे ना, ती बैठक इथली आहे.

नंतर बरीच वर्षं तो मोंटानात राहिला, घोडे पाळणं आणि माणसाळवणं हाच धंदा, मग 1910 च्या सुमारास आयडाहोत आला. पेंडल्टनचा राउंड-अपही 1910 लाच सुरू झाला.

तेव्हाचा रोडिओ आजच्यासारखा नव्हता हेही लक्षात घ्या. आज घोडा फाटकाच्या आड उभा असतो आणि 8 सेकंद टिकायचं असतं. तेव्हा उघड्या मैदानात घोड्याचे डोळे बांधून एक जण त्याला धरून ठेवायचा, तिथेच खोगीर चढवायचं, वर बसायचं, मग डोळ्यांवरचं काढायचे. 8 सेकंदांचा हिशोब नाही. एका हातात दोर, दुसरा हात कुठेही टेकवायचा नाही, रिकीब सुटता कामा नये.

पेंडल्टनच्या 1911 च्या फायनलला तिघे होते, गोरा जॉन स्पेन, काळा जॉर्ज फ्लेचर आणि सनडाउन. पहिला नंबर स्पेनला दिला. पब्लिकला ते अजिबात पटलं नाही, तेव्हा शेरीफ टिल टेलरने फ्लेचरची हॅट कापून तिचे तुकडे लोकांना विकले आणि पैसे फ्लेचरला दिले. निकाल कोणाच्या बाजूने झुकायचे ते एवढ्यावरून कळतं.

1915 ला सनडाउन तिसरा आला आणि आता बास म्हणाला. त्याला परत आणलं ते शिल्पकार फिमिस्टर प्रॉक्टरने, जो त्याला मॉडेल म्हणून बसवून काम करत होता, एंट्री फीसुद्धा त्यानेच भरली म्हणतात. दोन वेण्या हनुवटीखाली बांधलेल्या, झगझगीत शर्ट, पायांवर लांब केसांच्या बकरीचं कातडं, असा हा माणूस 1916 ला एंजल नावाच्या घोड्यावर बसला आणि पडला नाही. बक्षिसाचं खोगीर मिळालं, त्यावर स्वतःचं नाव नको, बायकोचं घाला म्हणाला, असं सांगतात. ही पदवी जिंकणारा तो पहिला नेटिव्ह अमेरिकन.

1923 च्या डिसेंबरात न्यूमोनियाने गेला. पेंडल्टनच्या हॉल ऑफ फेममध्ये नाव आलं 1972 ला, म्हणजे जवळपास 50 वर्षांनी, आणि राष्ट्रीय पातळीवरच्या रोडिओ हॉल ऑफ फेमला त्यानंतरही आणखी 4 वर्षं लागली.