नौदल जहाजबांधणीतील कुशल मनुष्यबळाचे स्थैर्य

युद्धनौका आणि पाणबुड्या बांधणाऱ्या गोदीतले कसबी कामगार, आरेखक, निरीक्षक व चाचणी अभियंते एका जहाजावरून पुढच्या जहाजावर खंड न पडता जात राहावेत, यासाठी मागणी, प्रशिक्षण आणि सेवाशर्ती यांची घातलेली सांगड. व्यापारी जहाजांना गिऱ्हाइके अनेक असतात. युद्धनौकेला बहुधा एकच, ते म्हणजे सरकार. त्यामुळे सरकार कोणत्या वर्षी किती जहाजे मागवते, यावरच गोदीतली नोकरी टिकते किंवा जाते. चांगला पगार आणि प्रशिक्षण केंद्रे आवश्यक आहेतच, पण हाताला कामच नसेल तर त्यांनी माणूस थांबत नाही.

मागणीची लय

एका जहाजाला सगळे कारागीर एकाच वेळी लागत नाहीत. आधी आरेखक, मग पत्रे कापणारे, प्लेटर (पत्रे वाकवून जागेवर बसवणारे) आणि वेल्डर. सांगाड्याचे ठोकळे, म्हणजे वेगवेगळे बांधून मग एकत्र जोडायचे भाग, उभे राहू लागले की पाइपफिटर, इलेक्ट्रिशियन, शीट मेटलचे कारागीर, रंगारी. शेवटी चाचण्या घेणारे. जहाज अजून पाण्यात उतरायचे असते तेव्हाच वेल्डरांचे बरेचसे काम संपलेले असते. पुढच्या जहाजाचे पत्रे त्याच सुमारास कापायला घेतले नाहीत, तर ही माणसे बाहेर पडतात आणि ती तेलविहिरी, वीजप्रकल्प, खाणी यांच्या कामावर जातात. तिथून परतणारे थोडे.

हिशोब साधा आहे. ताफ्यात 12 जहाजे हवीत आणि प्रत्येकाचे आयुष्य 30 वर्षे धरले, तर दर 30 महिन्यांनी एक जहाज सुरू करता येते. एका जहाजाचे वेल्डिंग 20 महिन्यांत आटोपत असेल, तर दर फेरीत 10 महिने रिकामे जातात. यावर उपाय तीन: तेच काम दोन तृतीयांश माणसांवर 30 महिने चालवणे, जहाजे लवकर निवृत्त करून मागणीचे अंतर कमी करणे, किंवा मधल्या काळात दुसरे काम देणे. पहिल्या उपायाने एकेक जहाज हळू तयार होते, तरी अनेकदा तोच सर्वांत स्वस्त पडतो, कारण कामावरून काढणे, पुन्हा भरती करणे आणि नव्या हातांच्या चुका दुरुस्त करणे हा खर्च त्यात टळतो. दुसऱ्या उपायाचे ठळक उदाहरण जपान. तिथे कोबे बंदरातल्या कावासाकी आणि मित्सुबिशी या दोन गोद्या आलटून पालटून साधारण दर वर्षी एक पाणबुडी देतात. ताफ्याचे लक्ष्य 22 पाणबुड्यांचे असल्याने प्रत्येक पाणबुडी सुमारे 22 वर्षे वापरली जाते.

कसब का व कसे गंजते

वेल्डरचे प्रमाणपत्र कायमचे नसते. वेल्डरची पात्रता ठरवणारे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 9606 आणि अमेरिकन वेल्डिंग सोसायटीचे डी 1.1 या दोन्ही मानकांत सहा महिन्यांची अट आहे: तेवढ्या काळात त्या प्रक्रियेचे काम केलेच नाही, तर पात्रता पुन्हा सिद्ध करावी लागते. म्हणजे अर्ध्या वर्षाची खीळसुद्धा कागदोपत्रीच महाग पडते.

कागदापलीकडचे नुकसान मोठे. पाणबुडीच्या दाबकवचाला, म्हणजे खोल पाण्याचा दाब सोसणाऱ्या कवचाला, एचवाय 80 सारखे उच्च ताकदीचे पोलाद लागते. त्याला जाडीनुसार ठरलेले पूर्वतापन द्यावे लागते, म्हणजे वेल्डिंगआधी तापवावे लागते, वेल्डिंगच्या दोन थरांमधले तापमान साधारण 150 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचे नसते, इलेक्ट्रोड (वेल्डिंगच्या कांड्या) भट्टीत सुकवून गरम डब्यातच ठेवायचे असतात. ओल राहिली तर हायड्रोजन सांध्यात शिरतो आणि तडा त्या क्षणी न जाता काही तासांनी, कधी काही दिवसांनी जातो. तपासणी घाईने उरकली तर तो सुटतो. सपाट मेजावर सुंदर सांधा घालणारा माणूस अरुंद टाकीत आडवे पडून, डोक्यावरचा सांधा आरशात पाहून घालू शकेलच असे नाही. ही सवय हातात मुरायला वर्षे जातात.

माणसे कमी पडली की कामाचा क्रमही बिघडतो. गोदीत एक ठोकताळा वापरतात: जे काम कार्यशाळेत एका तासात होते, ते ठोकळ्यावर तीन तास आणि जहाज पाण्यात उतरल्यावर आठ तास खाते. पाइपफिटर वेळेवर मिळाले नाहीत म्हणून ठोकळा अर्धवट ठेवून जोडला, तर राहिलेले काम या आठपटीच्या टप्प्यात जाते.

खंडाचे परिणाम

ब्रिटनमध्ये बॅरो येथील गोदीत व्हॅनगार्ड वर्गातल्या शेवटच्या पाणबुडीचा कणा 1993 मध्ये ठेवला गेला, म्हणजे तिची बांधणी सुरू झाली, तर अॅस्ट्यूट वर्गातल्या पहिलीचा थेट 2001 मध्ये. मधल्या आठ वर्षांत अनुभवी आरेखक व कारागीर पांगले, आणि उरलेल्यांना त्रिमितीय संगणकीय आरेखनाची नवी पद्धत पेलायची होती. 2003 पासून अमेरिकेतल्या इलेक्ट्रिक बोट कंपनीचे तज्ज्ञ मदतीला बोलवावे लागले. अॅस्ट्यूट ऑगस्ट 2010 मध्ये, ठरल्यापेक्षा चार वर्षांहून अधिक उशिरा, सेवेत आली.

मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये जर्मन आराखड्याच्या शाल्की (1992) आणि शंकुल (1994) या पाणबुड्या तयार झाल्या. पुढचा, फ्रेंच आराखड्याच्या स्कॉर्पिन पाणबुड्यांचा करार 2005 मध्ये झाला आणि त्यातली पहिली, कलवरी, डिसेंबर 2017 मध्ये दाखल झाली. या उशिरात सामग्री खरेदीच्या अडचणीही होत्या. पण दाबकवचाचे वेल्डिंग पुन्हा पायापासून शिकवावे लागणे ही खंडाचीच किंमत होती. त्याच गोदीत विनाशिका बांधल्या जात होत्या, तरी त्यावरचा वेल्डर दाबकवचाला आपोआप चालत नाही.

ऑस्ट्रेलियात दोन कार्यक्रमांमधल्या रिकाम्या काळाला ‘मृत्यूची दरी’ असे नाव पडले. 2017 च्या योजनेत अखंड बांधणीचे धोरण ठरले आणि हा खड्डा बुजवण्यासाठी पहिल्या दोन सागरी गस्तीनौका अॅडलेडजवळच्या ऑस्बोर्न गोदीला देऊन उरलेल्यांचे काम पश्चिमेकडच्या हेंडरसनला नेले.

भरती आणि मधले काम

मागणी अचानक वाढली तरी माणसे त्या वेगाने वाढत नाहीत. शिकाऊ उमेदवाराला तयार व्हायला तीन-चार वर्षे लागतात आणि त्याच्या शेजारी जाणता कारागीर उभा असावा लागतो. जाणत्यांची संख्याच शिकाऊंची मर्यादा ठरवते. ती ओलांडली की पुनर्काम वाढते आणि ते निस्तरायला पुन्हा जाणत्यालाच जावे लागते. म्हणून भरती दर वर्षी, मंदीतही, थोडी थोडी चालू ठेवावी. अमेरिकेतल्या न्यूपोर्ट न्यूज गोदीची शिकाऊ शाळा 1919 पासून आहे. भरती वर्षानुवर्षे थांबवली, तर पन्नाशीतले फोरमन आणि विशीतली मुले यांच्यामध्ये कुणीच उरत नाही.

मधल्या काळात दुरुस्ती, गस्तीनौका, तराफे अशी कामे देतात. त्याने पगार चालतो, पण साध्या पोलादावरच्या कामाने दाबकवचाचा हात टिकत नाही. त्यासाठी खऱ्या जाडीचे, अडचणीच्या जागेतले नमुना सांधे ठरावीक अंतराने घालून घ्यावेत आणि ते क्ष-किरण किंवा अल्ट्रासॉनिक चाचणीने तपासावेत. आरेखकांना असे नमुना काम पुरत नाही; त्यांना चालू वर्गाच्या सुधारित आवृत्तीवर बसवणे हाच वापरात असलेला मार्ग. पंप, झडपा आणि ओतीव भाग पुरवणाऱ्या छोट्या कारखान्यांचाही हिशोब याच आखणीत धरावा लागतो. काही भागांना पुरवठादार एकच असतो, आणि त्याच्याकडचे ओतकाम जाणणारे हात मोजकेच असतात.