भाजीचं अळू, वडीचं अळू

गेल्या श्रावणात शेजारच्या वहिनींनी मुलाला पाठवलं, "काकू, अळूची आठ-दहा पानं हवीत." मी मोरीच्या तोंडाशी माजलेल्या अळवाची दहा ताजी, मोठी पानं देठांसकट कापून दिली. संध्याकाळी वहिनी स्वतःच आल्या. हातातल्या ताटलीत हिरवट-पिवळा लगदा होता. अळूवडीचे उंडे वाफवताना फुटले, सुरी लावली तर पान आणि पीठ वेगळं झालं, आणि तळायला टाकल्यावर तेलभर चुरा झाला. "पिठात काही चुकलं का हो?"

पीठ बरोबर होतं, पानं चुकली होती. त्यात चूक माझीच. कशाला हवीत हे मी विचारलंच नाही. आमच्याकडे अळू दोन जागी आहे. मोरीपाशी भाजीचं आणि आंब्याच्या उतरत्या सावलीत वडीचं. आई दोन्हींना नुसतं 'अळू' कधी म्हणायची नाही. तिच्या तोंडी 'भाजीचं' आणि 'काळं' असे दोन वेगळे शब्द होते. आता बाजारात दोन्ही 'अळू' या एकाच नावाखाली येतात आणि घोटाळा तिथून सुरू होतो.

वनस्पतिशास्त्राला विचारलं तर दोन्ही एकच, कोलोकेशिया एस्क्युलेंटा, सुरणाच्या कुळातली. आंबा म्हटला तरी हापूस वेगळा नि रायवळ वेगळा, तसाच हा वाणांचा फरक. पण हापूसचं लोणचं कुणी घालत नाही, इतकं तरी आपण जाणतो. अळवाच्या बाबतीत तेवढं भान राहिलेलं नाही.

ओळखायचं असेल तर आधी देठाकडे बघावं. भाजीच्या अळवाचा देठ हिरवा, बुडाकडे पांढुरका आणि फुगीर, मोडला की कचकन मोडतो नि पाणी सुटतं. वडीच्या अळवाचा देठ काळपट जांभळा, सडपातळ आणि चिवट. पानाच्या पाठीमागे देठ जिथे जोडलेला असतो तिथून जांभळी छटा शिरांमध्ये पसरत जाते. मग पान दोन बोटांत धरून बघा. भाजीचं पातळ, पोपटी, जरा चुरगळलं तर काळवंडतं. वडीचं जाड, गडद, चामड्यासारखं, गुंडाळलं तरी तडकत नाही. मंडईत विकण्याच्या पद्धतीतही फरक दिसतो. भाजीच्या अळवाची जुडी लांब देठांसकट येते, कारण देठही खायचे असतात. वडीची पानं देठ आखूड ठेवून, एकावर एक रचून, मोजून मिळतात.

एक खूण मात्र दोन्हींत अगदी सारखी. पाणी टाका, थेंब पाऱ्यासारखा घरंगळतो. 'अळवावरचं पाणी' हा वाक्प्रचार त्यावरूनच आला आणि तो दोन्ही अळवांना लागू आहे, त्यामुळे ओळखायला निरुपयोगी.

आता वडीचं बघू. वडीत पानाला भार पेलायचा असतो. पान उपडं ठेवायचं, जाड शीर सुरीने तासायची, वरून लाटणं फिरवायचं. पाठीवरच्या शिरांच्या जाळीत पीठ धरून राहतं, तुळतुळीत बाजूवर ते घसरतं. बेसन, थोडं तांदळाचं पीठ, चिंचेचा घट्ट कोळ, गूळ, तिखट, तीळ, हिंग यांचा लेप इतका घट्ट हवा की बोटावरून ओघळता कामा नये. सगळ्यांत मोठं पान खाली, पुढचं उलट्या दिशेने, असे चार-पाच थर. दोन्ही कडा आत दुमडून घट्ट वळायचं आणि वीसेक मिनिटं वाफवायचं. पूर्ण गार झाल्याशिवाय कापायचं नाही, घाई इथे नडते. या सगळ्या दाबादाबीत आणि वाफेत काळ्या अळवाचं पान थर धरून राहतं. कापलेल्या वडीत हिरव्या-पिवळ्या रेषांचं चक्र दिसतं ते त्यामुळे. भाजीचं पान वाफ लागताच पाणी सोडतं, पीठ सैल होतं आणि उंडा फुटतो. वहिनींचं नेमकं हेच झालं.

तोच विरघळण्याचा गुण फदफद्यात मात्र सोन्यासारखा. (कुणी फतफतं म्हणतात, कुणी नुसती अळूची भाजी. लग्नाच्या पंगतीत मसालेभात येईपर्यंत द्रोणातली ही भाजी संपलेली असायची.) पानं धुऊन चिरायची, देठांचा पापुद्रा ओढून काढायचा, नाहीतर दोरे दातात येतात. भिजवलेली चणाडाळ आणि शेंगदाणे वेगळ्या भांड्यात ठेवून सगळं एकाच कुकरमध्ये. शिजल्यावर पानं डावाने घोटायची, थोडं बेसन लावायचं, वरून हिंग-मेथीची फोडणी, चिंच, गूळ, गोडा मसाला, ओल्या खोबऱ्याचे काप. मुळ्याच्या चकत्या हव्यातच, माझ्या मते त्यांच्याशिवाय ही भाजी अपुरी. काही घरांत चिंचेऐवजी आंबट चुका किंवा ताक घालतात. या भाजीत वडीची पानं घातली तर बिघडत काही नाही, पण घोटून घोटून हात दुखतात आणि रंग काळपट येतो. म्हणजे अदलाबदल एका बाजूने निभावते, दुसऱ्या बाजूने नाही.

खाजेचं काय? 'वडीचं खाजत नाही, भाजीचं खाजतं' असं सर्रास सांगितलं जातं. हे अर्धंच खरं. अळवाच्या सगळ्या अंगात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते जिभेला, घशाला टोचतात आणि त्यांच्यासोबतची प्रथिनं आग वाढवतात. कोणत्या वाणात खाज कमी, कोणत्यात जास्त, हा फरक आहेच. पण त्याहून मोठा फरक अर्धकच्चं आणि नीट शिजलेलं यांत आहे. पूर्ण शिजलेलं भाजीचं अळू लोण्यासारखं उतरतं आणि घाईत वाफवलेली जाड उंड्याची वडी, मधला भाग कच्चा राहिला तर, वडीच्याच अळवाची असूनही घसा धरते. आंबट घालायची रीत दोन्हींत आहे ती उगाच नाही. चिरताना हाताला तेल किंवा चिंचेचं पाणी लावायचं. मी एकदा हे विसरून देठ सोलले आणि रात्री मनगटापर्यंत खाजवत बसले.

ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे आणि डॉक्टरांनी ऑक्झलेट टाळायला सांगितलं आहे, त्यांनी दोन्हींपासून लांब राहावं. उकळून पाणी टाकलं तर विरघळणारं ऑक्झलेट कमी होतं, सगळं जात नाही. आणि अळवाच्या जोडीला आंबट चुका टाकला तर तोही ऑक्झॅलिक आम्लामुळेच आंबट असतो, म्हणजे तिथे पथ्य उलटंच झालं.

आता बाग. हल्ली पर्माकल्चरबद्दल, म्हणजे निसर्गाच्या रीतीने टिकाऊ बाग-शेती आखण्याबद्दल, खूप ऐकू येतं. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी १९७०च्या दशकात ऑस्ट्रेलियात हा शब्द रुजवला. एका गोष्टीतून जे टाकाऊ निघतं ते दुसरीचं खाद्य व्हावं, पाणी अंगणाबाहेर जाण्याआधी शक्य तितक्या वेळा कामी यावं, हा त्यातला एक मुख्य धागा. ऐकलं की मला आमची जुनी मोरी आठवते. तिच्या तोंडाशी अळू, पुढे कर्दळ, त्याच्या पुढे केळ, आणि पाणी उरलंच तर नारळाच्या आळ्यात. तेव्हा त्याला कुणी नाव दिलं नव्हतं, घरामागे चिखल होऊ नये एवढाच हेतू होता.

भाजीचं अळू त्या जागेसाठीच जन्मलेलं. त्याचे पाय ओले असले की ते खूश. मृगाच्या आसपास गड्डे अर्धा फूट खोल, दीड-दीड फुटांवर लावले की गणपतीपर्यंत गच्च रान होतं. आमच्याकडे मोरीचं पाणी थेट अळवात सोडत नाही. आधी दगडगोट्यांचा खड्डा, त्यात नारळाच्या सोडणांचा थर, त्यावरून झिरपून ते मुळाशी जातं. पाणी वर साचत नाही, म्हणून डासही नाहीत. तांदूळ-डाळी-भाज्या धुतलेलं आणि भांड्यांचं पाणी तिथे जातं. कपड्यांचं, ब्लीच किंवा फिनेल पडलेलं पाणी वेगळ्या नळीने बाहेर. पूर्वी राख आणि शिकेकाई होती, हा विचारच करावा लागत नसे. आणि मोरीचं पाणी म्हणजे गटाराचं पाणी नव्हे. मुंबईत रेल्वेरुळांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर पोसलेल्या पालेभाज्यांवरून लोक नाक मुरडतात ते बरोबरच आहे, कारण त्या पाण्यात कुठून काय आलं हे कुणाला माहीत नसतं. माझ्या मोरीत काय जातं ते मला माहीत असतं, कारण ते मीच टाकते. तरीही पाणी मुळाशीच, पानांवर उडवायचं नाही.

वडीचं अळू मी तिथे लावत नाही. एकदा लावून पाहिलं होतं. पानं सुपाएवढी झाली, पण लुसलुशीत, वडीला नको तशी. शिवाय वडीत पान अख्खं जातं, त्यामुळे ते निर्मळ हवं. आंब्याखालच्या गाळलेल्या उन्हात, पालापाचोळ्याच्या जाड आच्छादनात ते बेताने वाढतं आणि पान जाड धरतं. तोडताना मधलं कोवळं गुंडाळलेलं पान आणि त्याच्या शेजारचं एक सोडून बाकीची घ्यायची, म्हणजे रोप थकत नाही. जून, पिवळसर पान दोन्ही अळवांत टाळावं.

सततच्या पावसात पानांवर तपकिरी गोल डाग पडून कडेने पसरू लागले तर तो करपा. तेवढी पानं लगेच काढून बागेबाहेर न्यायची, कंपोस्टात नाही. शेपटाकडे शिंग असलेली जाड अळी दिसली तर हाताने उचलायची, एकटी एका रात्रीत पानाची जाळी करते. उन्हाळ्यात वडीचं अळू वरून नाहीसं झालं तरी घाबरू नये, गड्डा जमिनीत जिवंत असतो. मोरीपाशी भाजीचं बारमाही उभंच असतं.

ऋषीपंचमीला, गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, बैलाच्या कष्टाचं खायचं नाही ही रीत. म्हणजे नांगरल्या शेतातलं काही नाही, परसातलं तेवढं. त्या दिवशीच्या भाजीत भाजीचं अळू देठांसकट पडतं, लाल भोपळा, शिराळं, माठ, मक्याचे दाणे आणि अळकुड्यांबरोबर. वडीचं अळू आदल्या दिवशी गणपतीच्या नैवेद्याला गेलेलं असतं. लागोपाठच्या दोन दिवसांत दोन्ही अळवांची पाळी येते आणि तेव्हा घरात कुणाचाही गोंधळ होत नाही.

काळा देठ म्हणजे वडीचं, हे बहुतेक वेळा खरं असलं तरी त्यावर डोळे मिटून विसंबू नये. नर्सरीत शोभेचं काळ्या पानांचं अळू मिळतं, ते खाण्यासाठी विकलेलं नसतं. आभाळाकडे टोक करून उभी राहणारी प्रचंड पानं, ज्यांचा देठ थेट पानाच्या खाचेत जोडलेला असतो, ती वेगळ्याच वनस्पतीची. खाण्याच्या अळवाचं पान खाली झुकतं आणि देठ खाचेपासून थोडा आत, पानाच्या पाठीवर जोडलेला असतो. रानअळूही ओढ्याकाठी भरपूर दिसतं. सह्याद्रीत झाडांच्या बेचक्यांत उगवणाऱ्या रुखाळूच्या वड्या तर फार चवदार होतात, पण ते ओळखणाऱ्याने तोडून आणलेलं असावं. आपल्या नजरेला खात्री नसेल तर रानातलं अळू रानातच बरं.

यंदा मृगात वहिनींना काळ्या अळवाची तीन पिल्लं खणून दिली आणि कुठे लावायची तेही दाखवलं. भाजीच्या अळवाचं विचारलं तर हसल्या. ते कुंपणाखालून फुटवे पसरत केव्हाच त्यांच्या अंगणात पोचलंय.