सॅन्स-सेरिफ वळण (देवनागरी, ग्रामीण विदर्भ)

रेघेच्या टोकाला शेपटी (सेरिफ) न ठेवता, बहुधा सगळ्या रेघा एकाच जाडीच्या ठेवून काढलेले अक्षर. संज्ञा रोमन लिपीतली आहे, देवनागरीला ती ओढूनताणून लागू होते. विदर्भातल्या खेड्यांत असे अक्षर ग्रामपंचायतीच्या पाटीवर, शाळेच्या भिंतीवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर सर्रास दिसते.

रोमन छपाईत असा पहिला ज्ञात खिळा (छपाईच्या अक्षराचा साचा) विल्यम कॅसलन (चौथा) या इंग्रज खिळेकाराच्या १८१६ च्या सुमाराच्या नमुन्यात आढळतो. पुढे दोन घराणी झाली. अमेरिकी घराण्यातला मॉरिस फुलर बेंटनचा न्यूज गॉथिक (१९०८) आटोपशीर, कमी जागेत मावणारा. युरोपीय घराण्यात हाताच्या वळणाची लय आणि मोकळी पोटे (अक्षरातल्या रिकाम्या जागा). १९७० च्या दशकात अॅड्रियन फ्रुटिगरने पॅरिसच्या विमानतळाच्या पाट्यांसाठी घडवलेले अक्षर हा त्याचा उत्तम नमुना. टोबायस फ्रेअर-जोन्सने न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयासाठी केलेल्या ‘व्हिटनी’ कुटुंबात (२००४) दोन्ही घराणी एकत्र आली, कारण तेच अक्षर छापील मजकुरालाही हवे होते आणि भिंतीवरच्या फलकालाही. फ्रुटिगरने १९६० च्या दशकात अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या निमित्ताने देवनागरीवरही काम केले होते.

देवनागरीत मुळात सेरिफ आहे का, हा वाद जुना आहे. विदर्भाच्या दृष्टीने तो जिव्हाळ्याचा, कारण इथल्या वाकाटक राजघराण्याचे (स्थूलमानाने इ.स.चे तिसरे ते पाचवे शतक) बहुसंख्य ताम्रपट पेटिकाशीर्षक ब्राह्मीत आहेत. त्यात प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर लहानशी चौकोनी पेटी असते. पुराभिलेखतज्ज्ञ वा. वि. मिराशी यांनी या लेखांचे साक्षेपी संपादन केले. माथ्यावरची अशी चिन्हे रुंदावत, एकमेकांना भिडत शिरोरेषा तयार झाली, असे सामान्यतः मानतात. ते धरले तर शिरोरेषा हीच वाढलेली शेपटी ठरते आणि सेरिफ नसलेली देवनागरी संभवतच नाही. याउलट, वाचकाच्या डोळ्याला आज शिरोरेषा अलंकार वाटत नाही, अक्षराचा कणाच वाटतो. म्हणून देवनागरीपुरता सॅन्स-सेरिफचा अर्थ ‘एकसारख्या जाडीचे’ एवढाच घ्यावा, हे दुसरे मत. व्यवहारात दुसरेच सोयीचे पडते. पेटिकाशीर्षक अक्षरापासून आजच्या पाटीपर्यंत सरळ धागा ओढणे मात्र धाडसाचे.

जाड-बारीक रेघ ही बोरूच्या तिरप्या कापाची देणगी. पाटी रंगवणाऱ्या पेंटरच्या हाती बोरू नसतो. निळीच्या दोऱ्याचा फटका मारून तो आडव्या रेघा आखतो, खडूने अक्षराची कड काढतो आणि आतली जागा ऑइल पेंटने भरतो. कड काढून भरलेल्या अक्षराला जाड-बारीक व्हायचे कारणच उरत नाही. त्यामुळे गावच्या पाटीवरचे एकजाड अक्षर रोमन खिळ्यांच्या अनुकरणापेक्षा या हातकामातून आले असावे, हे अधिक पटते.

येथेही दोन घराण्यांची सरमिसळ आहे. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रांताची (१९५० पासून मध्य प्रदेशाची) राजधानी होते आणि हिंदी-मराठी दोन्ही भाषा शेजारी नांदल्या. त्यामुळे एकाच गावात पाकळीचा ल आणि दंडाचा ल, ‘पूर’ आणि ‘पुर’ असे दोन्ही भेटतात. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त ल व देठयुक्त श प्रमाण ठरवले.

या वळणाची खरी कसोटी प्रदेशाच्या नावातच आहे: वऱ्हाड. अमरावती जिल्ह्यातल्या कुऱ्हा गावाचेही तेच. यातला र हा रफार नव्हे. तो ह ला डावीकडून चिकटलेली छोटी वाकडी रेघ असतो. जाड अक्षरात ही रेघ बुजते, म्हणून तिला शेजारच्या रेघेपेक्षा किंचित बारीक ठेवावे लागते आणि एकजाडपणाचा नियम येथे मोडावाच लागतो. युनिकोडमध्ये (संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण संकेतात) ती मिळवायला सहसा नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ घेऊन हलन्त देतात. नुसता साधा र व हलन्त घेतला तर ‘वर्हाड’ उमटते. फ्लेक्सच्या फलकांवर ही चूक वारंवार दिसते. ब्रशने रंगवलेल्या पाटीवर ती सहसा होत नाही, कारण तिथे अक्षर निवडायचे नसते, काढायचे असते.