गाऱ्हाणे: सांगायचे की घालायचे?

एरवी मराठीत गाऱ्हाणे सांगतात, मांडतात, करतात. गोव्यात आणि शेजारच्या सिंधुदुर्गात ते घालतातही. क्रियापद बदलले की अर्थही बदलतो. सांगितलेले गाऱ्हाणे म्हणजे तक्रार. गवळणी कृष्णाच्या खोड्या यशोदेच्या कानावर घालतात, तसली. घातलेले गाऱ्हाणे म्हणजे साऱ्या गावाच्या वतीने देवापुढे मोठ्याने केलेली विनवणी. कोकणीत त्यालाच 'गाराणें' म्हणतात. शब्दाचे नाते संस्कृतातल्या 'गर्ह्' धातूशी आहे आणि त्याचा अर्थ दोष देणे. दोष देणारा शब्द विनवणीला कसा लागला, याचे नवल वाटायला नको. ज्याच्यावर आपला हक्क चालतो त्याच्याशीच माणूस कुरकुरतो, आणि मागतोही त्याच्याकडेच.

नारळ आणि विडा ठेवून झाला की मानकरी हात जोडून सुरुवात करतो. तपशील गावागणिक बदलतात, पण घडण साधारण अशी असते. आधी हाक: ग्रामदेवता, कुलदेवता, वेशीवरचा राखणदार, पूर्वज. मग कोण जमले आहेत आणि कशासाठी. मग आजवर केलेल्या राखणीची आठवण, चुकल्यामाकल्याची माफी आणि त्यानंतर मागणे. माफी आधी आणि मागणे नंतर, यात मोठे शहाणपण आहे. समोरच्याने काढायची चूक आपणच कबूल केली की नकाराचे एक कारण संपते. नवसाशी मात्र याची गल्लत करू नये. नवसात 'तू दे, मग मी देईन' अशी अट असते. इथे नारळ आधीच पुढ्यात ठेवलेला असतो.

खरी गंमत प्रतिसादात आहे. मानकरी म्हणतो, 'जत्रेक इल्ली लेकरांबाळां सुखरूप घराक पावू देत, रे म्हाराजाऽ' आणि शेवटचा स्वर लांबवतो. तो संपतो न संपतो तोच सगळे म्हणतात, 'व्हय म्हाराजा!' संभाषणाच्या अभ्यासक तान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी 2009 साली 10 भाषांतली संभाषणे तपासली, तेव्हा होय-नाही प्रश्नांची उत्तरे सरासरी सुमारे 200 मिलिसेकंदांत येत असल्याचे दिसले. एक शब्द मनात जुळवून तोंडावाटे काढायलाच याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे ऐकणारा वाक्य संपायची वाट पाहत नाही, शेवट आधीच ओळखतो. गाऱ्हाण्यात ती ओळख 'म्हाराजा' हा शब्द आणि लांबवलेला स्वर पटवून देतात. मानकऱ्याने वाक्य एका श्वासात मावणार नाही इतके ताणले किंवा मधेच 'म्हाराजा' गाळले, तर पुढची रांग लवकर बोलते, मागची रेंगाळते आणि होकार विस्कटतो.

हा एका सुरातला होकार महत्त्वाचा का? विल्टरमुथ आणि हीथ या संशोधकांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, एका तालात चाललेल्या किंवा गायलेल्या गटांनी नंतरच्या खेळात सामायिक फायद्यासाठी अधिक सहकार्य केले. ते प्रयोग गाऱ्हाण्यावर नव्हते. तरी माझे मत असे की गाऱ्हाणे देवाला उद्देशून असले, तरी ते जमलेल्या माणसांनाही वळवते. जत्रा सुखरूप पार पडो, याला ज्याने चारचौघांत 'व्हय' म्हटले, त्याने आपलाही खांदा दिलेला असतो.

जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाने 1955 मध्ये हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत दाखवले की काही वाक्ये वर्णन करत नाहीत, काम करतात. ती व्याख्याने 1962 मध्ये पुस्तकरूपात आली. अशा वाक्यांना योग्य माणूस, योग्य प्रसंग आणि मान्य रीत लागते. म्हणूनच मान नसलेल्याने घातलेले गाऱ्हाणे गाव मानत नाही. तेच शब्द रंगमंचावर म्हटले तर टाळ्या मिळतील, पण त्यांचे गाऱ्हाणे होत नाही. ऑस्टिन अशा उच्चाराला पोकळ म्हणत असे.

कुणाला आपल्या गावचे गाऱ्हाणे लिहून ठेवायचे असेल, तर आधी मानकऱ्याची परवानगी घ्यावी. प्रत्येक श्वासाला नवी ओळ करावी. 'म्हाराजा'चे 'महाराजा' करू नये. बोली सुधारली की ताल मोडतो. हाकेतल्या देवतांचा क्रमही बदलू नये, गावच्या मानपानाची मांडणी त्यात असते. आणि रेकॉर्डर मानकऱ्याच्या तोंडाशी न धरता जमावाच्या मधोमध ठेवावा, नाहीतर 'व्हय म्हाराजा' लांबून आल्यासारखे पुसट ऐकू येते.